लाईट आली आणि रोल गेला

मंडळी, दोन तास झाले, अजून डोकं ठिकाणावर नाही.

पिंप्राळ्याच्या घरी बाथरूममध्ये मी कॅमेऱ्याचे रोल धुतो. डबीतून फिल्म काढताना मिट्ट काळोख लागतो, म्हणून खिडकीला काळा कागद चिकटवलाय आणि दाराच्या फटीत टॉवेल कोंबतो.

आज दुपारी लाईट गेली. म्हटलं, नुसतं घाम पुसत बसण्यापेक्षा रोल तरी धुऊ. आत शिरलो, तर डबीचं झाकण निघेना. शेवटी बाटलीच्या ओपनरने उचकटलं आणि फिल्म रिळावर अर्धी चढवली.

तेवढ्यात डोक्यावरचा बल्ब लागला! लाईटच नव्हती, म्हणून बाहेरचं बटण बंद आहे का, हे मी बघितलंच नव्हतं. अख्खी गल्ली ओरडली, "आली, आली!" त्यात आमची आईसुद्धा.

रोलमध्ये तिचेच वडील होते, शिरपूरचे नाना. कॅमेरा दिसला की तोंड फिरवणारा माणूस पहिल्यांदाच धुतलेली टोपी घालून समोर बसला होता.

आत्ताच त्यांचा फोन आला. "फोटो कसा उना रे भाऊ?"

"मस्त आलाय, नाना," मी बोलून गेलो.

आता पुन्हा बसा म्हणून कोणत्या तोंडाने सांगू?