साडेपाचचा डबा

नेमिनाथ आवटीला वजन कमी करता येत नाही, असं कुणी म्हणू नये. त्यानं ते नऊ वेळा कमी केलं होतं. एकदा पाच किलो, एकदा सात, आणि ज्या वर्षी त्याची रथातून मिरवणूक निघाली त्या वर्षी तर साडेआठ. अडचण एवढीच की गेलेलं वजन दिवाळीच्या आत घरी परत यायचं आणि येताना सोबत एखाद-दुसरा किलो घेऊन यायचं.

आरगला त्याचं खतं-औषधांचं दुकान. आजूबाजूला पानमळे आणि द्राक्षबागा. दुकानं रस्त्यावर आणखी चार होती, पण लोक नेमिनाथकडे यायचे ते त्याच्या नजरेसाठी. शेतकऱ्यानं पिशवीतून द्राक्षाचं पान आणावं, नेमिनाथनं ते दारात उजेडाला धरावं, उलटंसुलटं करावं आणि रोगाचं नाव सांगून मोकळं व्हावं. दावण्या, भुरी, करपा, काय असेल ते. कंपनीची शिकलेली पोरं मोबाइलवर फोटो पाठवून ज्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आणायची, ते हा चहा निवायच्या आत सांगायचा. सगळा टापू त्याला आण्णा म्हणायचा तो त्याच्या या डोळ्यांमुळे.

आणि त्याच डोळ्यांवर त्याची साखर दहा वर्षं चाल करून येत होती.

एकेचाळिसाव्या वर्षी साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जेवण सुधारायला सांगितलं. आता हा माणूस जेवायचा कसा ते बघा. सकाळी सातला दुकान उघडलं की आलेल्याला चहा पाजायचा आणि त्याच्यासोबत अर्धा कप आपणही घ्यायचा, ही धंद्याची रीत. छाटणीच्या दिवसांत असे पंधरा अर्धे कप व्हायचे. दुपारचं जेवण कधी तीनला, कधी नाहीच. संध्याकाळी शेतकरी रानातून मोकळे झाले की खरी गर्दी, त्या गर्दीत भडंगाचा पुडा आणि मिरचीभजी. रात्री दहाला शटर ओढून घरी आलं की दिवसभराचा उपाशी माणूस चार चपात्या, भाताचा डोंगर आणि वर वाटीभर खीर असं हाणायचा. त्याचे वडील जन्मभर दिवस असताच जेवले. सूर्य कलला की रानात बैल सोडून बांधावर भाकरी उघडायचे. नेमिनाथही लग्न होईपर्यंत तसाच जेवायचा. दुकान घातलं आणि ते सुटलं. इतर जैन दुकानदारांचंही सुटलंच होतं, त्यामुळे कुणी कुणाला काही म्हणत नव्हतं.

पण धर्म सुटला होता असं नाही. उलट इथंच खरा घोळ होता. नेमिनाथ नियमाचा पक्का. महाराजांसमोर हात जोडून एखादा नियम घेतला की प्राण गेला तरी मोडायचा नाही. चातुर्मासात साखर सोडली, चार महिने साखरेकडे बघितलं नाही. एक वर्ष तूप सोडलं. भाद्रपदात दशलक्षण पर्वाचे दहाच्या दहा उपवास तर त्यानं पाच वेळा केले, दिवसातून एकदा उकळलेलं पाणी, बस्स. असे उपवास पुरे करणाऱ्याची गाव रथातून मिरवणूक काढायचं. पण नियमाला मुदत असते. मुदत संपली की पारणं, आणि पारणं म्हणजे दहा दिवस उपाशी राहिलेल्या पुण्यवान माणसाला घरोघरी बोलावून पुरणपोळी, श्रीखंड आणि शिरा वाढायचा सोहळा. महिनाभर तो सोहळा चालायचा. डॉक्टरांनी सांगितलेल्या जेवणाला मुदत नव्हती, पारणं नव्हतं, मिरवणूक नव्हती. तसल्या गोष्टीला नियम तरी कसं म्हणायचं, हे त्याच्या डोक्यातच येत नव्हतं.

मध्ये एकदा लेक कीर्तीनं सांगलीहून आहाराचा तक्ता आणून फ्रीजला चिकटवला. ओट्स, चार बदाम, उकडलेल्या भाज्या. नेमिनाथनं पहिला प्रश्न विचारला, "किती दिवस करायचं?" कीर्ती सहज म्हणाली, "एकवीस दिवस तर करून बघा." त्यानं मोजून एकवीस दिवस केलं. बाविसाव्या दिवशी दुकानात पेढे वाटले.

उपवासात तो गोळ्याही बंद ठेवायचा. तोंडात काही घालायचं नाही म्हणजे गोळीही नाही. वास्तविक महाराजांनी प्रवचनात स्पष्ट सांगितलं होतं, औषध चालू असणाऱ्यांनी वैद्याला विचारल्याशिवाय मोठे उपवास करू नयेत. ते त्यानं ऐकलं आणि म्हाताऱ्यांसाठी असेल म्हणून सोडून दिलं. बायको चंदना हे सगळं बघत होती. तिनं अडवलं नाही. रथात बसलेल्या नवऱ्याचा फोटो तिनं मोठा करून बैठकीत लावला होता आणि आल्यागेल्याला ती तो दाखवायची. हे पुढं तिला फार खुपलं.

गेल्या वर्षी भाद्रपदात त्यानं पुन्हा दहा उपवास केले. पारण्याचा महिना झाला, दिवाळी झाली, आणि छाटणीनंतरची धांदल सुरू झाली. हवा ढगाळ होती. उजव्या डोळ्यासमोर अधूनमधून जाळी आल्यासारखं व्हायचं. दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती, चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून त्यानं कानाडोळा केला.

अशाच एका संध्याकाळी सलगरेचा नानासो पान घेऊन आला. नानासो धनगर, बापजाद्यांपासून मेंढरं राखणारा. रानात पाणी आलं तशी त्यानं बायको बनाबाईच्या जोडीनं घरच्याच कष्टावर एक एकर द्राक्ष लावली होती, दुसरंच वर्ष होतं. त्याला रोगातलं काही कळत नव्हतं, म्हणूनच तो बारा किलोमीटर मोटारसायकल मारून आण्णाकडे यायचा. ट्यूबलाइटखाली नेमिनाथनं पान धरलं. खालच्या अंगाची पांढरट बुरशी त्याला भुरीच्या धुळीसारखी दिसली. वरचा पिवळा तेलकट डाग दिसलाच नाही.

"भुरी हाय, नानासो. ही पुडी उद्या सकाळी मार."

होता दावण्या. ढगाळ हवेत दावण्या थांबत नाही. चौथ्या दिवशी नानासो आला तो काळे पडलेले घड आणि पानं पिशवीत घालून. भर दुपार होती. त्या उजेडात नेमिनाथनं पान डोळ्याशी नेलं आणि वरचा तेलकट डाग त्याला दिसला. आपण काय केलं ते त्याला तिथल्या तिथं कळलं. दुकानात दहा माणसं उभी होती, सगळ्यांचे कान इकडं होते. तो म्हणाला,

"हवाच तसली पडली गड्या. औषध मापात कालवलं हुतं न्हवं?"

"बनाबाईनं कालवलं," नानासो म्हणाला. "मी पाइप धरला हुता."

"मग बघ बाबा," नेमिनाथ म्हणाला.

नानासो पिशवी घेऊन निघून गेला. त्यानंतर तो दुकानात आला नाही.

पंधरा दिवसांनी सकाळी उठल्यावर नेमिनाथच्या उजव्या डोळ्यासमोर काळा पडदा होता. मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. डोळ्याच्या आत रक्त साकळलं होतं. महिनाभर सुया, लेसर सगळं झालं. उजवा गेला. डाव्यातही सुरुवात होती.

"हा राखायचा असेल तर साखर रोज एकसारखी राहिली पाहिजे," बाई म्हणाल्या. "दहा दिवस उपाशी आणि महिनाभर पक्वान्न, असं नाही. गोळी रोज. रात्री किती वाजता जेवता?"

"साडेधा, अकरा."

बाईंनी कागदावरून मान वर केली. "आवटी ना तुम्ही? तुमच्यात दिवसाउजेडी जेवतात की."

नेमिनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारी बसलेली चंदना सगळ्यांदेखत रडायला लागली. आपण फोटोला हार घालत बसलो आणि माणूस आंधळा होत होता, असं तिला वाटलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून साडेपाचला डबा दुकानात यायला लागला. त्यात नवलाचं काही नव्हतं. जोंधळ्याची दीड भाकरी, मुगाची नाहीतर मटकीची उसळ, मेथी, शेपू, चाकवत जे मिळेल ते, आणि तांब्याभर ताक. चंदना स्कूटरवरून आणायची. गर्दी तेव्हाच ऐन भरात. पहिल्या दिवशी त्यानं डबा खतांच्या पोत्यावर ठेवला आणि रात्री डबा भरलेलाच घरी परत गेला. तिसऱ्या दिवशी खाल्ला. पाचव्या दिवशी पुन्हा राहिला. पूर्वीचा नियम असता तर तो मोडला म्हणून त्यानं तिथंच सोडला असता. पण सहाव्या दिवशी साडेपाचला चंदना पुन्हा दारात.

"किती दिवस आणणार हाईस?" त्यानं वैतागून विचारलं.

"जगशीला तवर," ती म्हणाली. "मुदत न्हाई ह्याला."

मग त्यानं दहा मिनिटं शटर अर्धं ओढायला सुरुवात केली. लोक आधी हसले, मग कुरकुरले, एकदोघं समोरच्या दुकानात गेले ते गेलेच. हळूहळू अंगवळणी पडलं. लोक पायरीवर टेकून तंबाखू मळत म्हणायचे, आण्णा जेवत्यात, थांबा. चहा सगळ्यांना चालूच राहिला, त्याच्या कपात मात्र साखर पडेनाशी झाली. पहिले दोन महिने तो चहा त्याला काढ्यासारखा लागला, पुढं जिभेला त्याचीच सवय झाली. वजन एकदम काही उतरलं नाही. महिन्याला अर्धा-पाऊण किलो, तेही कधी अडायचं. पण साखर जागेवर आली, आणि दर तीन महिन्यांनी बाई एकच वाक्य सांगायच्या, डावा आहे तसा आहे. पानं आता तो कुणालाही रात्री बघून देत नसे. उद्या उजेडी आणा, म्हणायचा.

भाद्रपदात मंदिराच्या मंडळाची माणसं उपवास करणाऱ्यांची यादी करायला घरी आली. नेमिनाथनं उपवास नाही म्हणून सांगितलं. "डोळा गेला तसं मनबी फिरलं वाटतं," एकजण जाताना जिन्यात बोलला, ते आत ऐकू आलं. आठ महिने वेळेवर भाकरी खाल्ली म्हणून कुणाला रथात बसवत नाहीत. मिरवणूक दारावरून गेली तेव्हा तो दुकानात पोती मोजत होता. वाईट वाटलं नाही असं तो म्हणायचा, पण वाटलं होतं.

पर्व संपलं की क्षमावणी. वर्षभरात ज्याला दुखावलं त्याची हात जोडून क्षमा मागायची. हल्ली ते काम मोबाइल करतो, जोडलेल्या हातांचं चित्र दोनशे जणांना एका फटक्यात. नेमिनाथही दरसाल तेच करायचा. त्या दिवशी दुपारी त्यानं चंदनाला सगळं सांगितलं. पान आपण चुकीचं वाचलं आणि वर झाकलं, हे त्यानं घरातही कुणाला सांगितलं नव्हतं. चंदनानं डबा भरून घेतला, त्याला स्कूटरवर मागं बसवलं आणि सलगरेला नेलं.

नानासोच्या रानात बागेच्या तारा नुसत्याच उभ्या होत्या, खाली मका केलेला. दहा-बारा मेंढरं परत घेतलेली. नानासो बाजेवर बसला होता, बनाबाई शेळीपुढं पाला टाकत होती. नेमिनाथ बसला नाही. उभ्यानंच त्यानं सांगितलं. डोळ्याचं सांगितलं, उरलेला राखायला दिवस असताच जेवावं लागतं तेही सांगितलं. रोग दुसराच होता, पुडी दुसरीच दिली, आणि चौथ्या दिवशी कळूनही लोकांदेखत तोंड उघडलं नाही.

 नानासो म्हणाला, "तुमी बी मानूसच, आण्णा. डोळ्यानं दगा दिला, त्येला तुमी काय करणार? माफ केलं."

"कुनी?" बनाबाई म्हणाली.

तिनं हातातला पाला खाली टाकला. आवाज चढवला नाही.

"वरीस झालं आण्णा. दारात पाव्हना आला तरी ह्येंचं एकच, ह्या बाईनं बाग मारली. माज्या म्हायेरात जाऊन सांगितलं. लेकाच्या सोयरिकीला मानसं आली, त्येंच्या म्होरं सांगितलं. लय न्हाई बोलले, पर रोज बोलले. आवं, मलाच खरं वाटाय लागलं हुतं. रातीतनं उटून मी माप आठवायची, एक झाकन टाकलं का दोन."

नेमिनाथनं तिच्याकडं वळून हात जोडले. डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं, उजव्यातूनही येत होतं. नानासोनं "बना" म्हणून हाक मारली, तिनं तिकडं बघितलं नाही. माफ केलं असंही ती म्हणाली नाही.

मेंढरांच्या अंगावर ऊन तिरपं झालं होतं. तिनं आत जाऊन पाण्याचा तांब्या आणि एक रिकामं ताट आणलं, बाजेवर ठेवलं.

"वैनी, त्येंचा डबा काढा. दिस बुडाया लागलाय."

"आज नको," नेमिनाथ म्हणाला.

"खावा," बनाबाई म्हणाली. "ह्यो बी डोळा घालवशीला, आन मग अजून कुनाच्या बायकूवर ढकलशीला."

चंदनानं भाकरी वाढली. नेमिनाथ बाजेच्या कडेला टेकला आणि खाली मान घालून खायला लागला. घास फिरत होता, तो ताकाबरोबर ढकलत होता. तो सगळं संपवीपर्यंत बनाबाई तिथंच उभी राहिली. संपल्यावर तिनं पदरानं हात पुसले आणि नानासोला सांगितलं, ताट उचला.