चार महिने की नऊ

इंजिनच्या तेलाचा वास आला की तो उदगीरचा खलाशी आठवतो. त्याच्या हातांत तो वास कायमचा मुरला होता. लातूरच्या दवाखान्यात माझ्या मावशीच्या शेजारच्या खाटेवर त्याची आई होती. मोंढ्यात मूठभर तूर जोखावी, तशी दोन जहाज कंपन्यांची पत्रे तो दोन तळव्यांवर जोखत बसे.

“ताई, हितं चार महिन्यांनी सुट्टी हाय, पण पगारात आईचं औषध भागत न्हाई. तितं पगार लई, पण नऊ महिने घर न्हाई.”

“पगाराकडं बघ, माझं थोबाड काय बघतूस!” आई हसली.

त्याने फोनवरून नऊ महिने कबूल केले. व्हरांड्यात मी हळूच विचारले, “औषध चालू ठेवलं, तर डॉक्टरांनी आईंना किती महिने सांगितलेत?”

“सहा.”