मारबतीला पर्याय

चर्चच्या कमिटीत पंधरा वर्षं बसून माझी आत्मिक वाढ किती झाली ते देव जाणे, पण किस्से मात्र भरपूर जमले. चार दोस्त भेटले, चहा सांगितला, की एकातून दुसरा निघतोच. त्यातले निम्मे तर एकाच ठरावाचे!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. बांबू-कागदाची भली मोठी बाई, शहराची रोगराई आणि ईडापीडा घेऊन मिरवत जाते आणि शेवटी जळते. आमच्या संडे स्कूलची पोरं त्या दिवशी एकजात तिकडे! नवे पाळक साळवीसाहेब पुण्याकडचे. त्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

"भुताखेतांच्या सणांना आपण ख्रिस्ती पर्याय दिलाच पाहिजे!"

ठराव पास. सेक्रेटरी म्हणून सही माझी.

*

पहिला पर्याय, मारबतीच्याच सकाळी बायबल क्विझ. बक्षीस लिमलेटच्या गोळ्या, म्हणून चाळीस पोरं आली. बाहेरून ढोल ऐकू येत होते आणि बाकांखाली ऐंशी पाय हलत होते.

साळवीसाहेबांनी विचारलं, "सगळ्या लोकांची पापं डोक्यावर घेऊन वस्तीबाहेर कोण जात असे?"

उत्तर होतं 'बकरा'. मोशेच्या नियमशास्त्रात तसा विधीच आहे.

चाळीस पोरं एका आवाजात ओरडली, "मारबत!"

साळवीसाहेबांनी हातातलं बायबल मिटलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अर्धा मार्क द्या."

*

पुढच्या वर्षी ठरलं, आपलीच मिरवणूक काढायची. बायबलमधला राक्षस गोलियथ पंधरा फुटी करायचा आणि मैदानावर पोरसवदा दावीदानं गोफण मारून त्याला पाडायचं. पण एवढा पुतळा करणार कोण? शोधून शोधून एकच माणूस सापडला. मारबती बनवणारा कारागीर!

"फिकर नका करू साहेब," तो म्हणाला. "मिशा लावून देतो. झाला तुमचा तो."

मिशा झकास होत्या. पण खाली लुगडंही होतं!

रस्त्यात एका म्हातारीनं गोलियथला हात जोडले. "माय वं, माह्या नातीचा खोकला घेऊन जाय!"

संडे स्कूलच्या मोठ्या बाई, एस्तेरबाई, लगबगीनं पुढे झाल्या. "अवं आजी, हे मारबत नोहे. हा गोलियथ हाय. राक्षस!"

"मंग? राक्षसाले खोकला नेता येत नाही काय?"

एस्तेरबाईंनी साळवीसाहेब दूर आहेत हे बघून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं. सांगते मी त्याले."

*

त्याच वर्षी ऑक्टोबरात परदेशातून एक मिशनरी मॅडम आल्या. त्यांच्याकडे म्हणे या दिवसांत लोक कोहळ्याला, म्हणजे लाल भोपळ्याला, भुताचं तोंड कोरून आत दिवा लावतात. मॅडमना ते पसंत नव्हतं. त्यांनी तोड काढली, तोंडाऐवजी क्रूस कोरायचा! हंगामाच्या, म्हणजे नव्या पिकाचे आभार मानायच्या, उपासनेला त्यांनी असं एक कोहळं कोरून, आत मेणबत्ती पेटवून चर्चच्या फाटकात ठेवलं. शोभेला बाजूनं लिंबं मांडली. आणि लाल मिरच्या!

उपासनेला आत माणसं सात. बाकी अख्खी मंडळी नवे कपडे घालून समोरच्या फुटपाथवर उभी. मी धावत गेलो.

"काहून गा, आत काहून येऊन नाही राहिले?"

रिटायर्ड फौजदार डॅनियलभाऊ आवाज खाली करून म्हणाले, "कोणं तरी आपल्या चर्चवर करणी केली. उतारा ठेवला फाटकात!"

"अहो, त्याच्यावर क्रूस कोरलाय!"

"तेच तं म्हणतो. जाणकार माणसाचं काम दिसते!"

एस्तेरबाई मात्र आत पोचल्या होत्या, मागच्या पडक्या भिंतीवरून. म्हणाल्या, "मी भीत नाही बरं का. पण ओलांडायचं कशाले?"

*

आता शेवटचा.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला आम्ही कबरस्थानात जातो. आपापल्या माणसांच्या कबरी साफ करतो, चुना लावतो, फुलं ठेवतो. साळवीसाहेब म्हणाले, भुतांची भीती घालवायची तर तिथेच! म्हणून भर दुपारी कबरींमध्येच नाटक ठेवलं, येशूच्या हाकेनं मेलेला लाजर कबरेतून उठतो ते. लाजर झाला दवाखान्यातला कंपाउंडर बेंजामिन. स्वतःच स्वतःला डोक्यापासून पायापर्यंत बँडेज गुंडाळून तो एका जुन्या कबरीमागे पडला.

साळवीसाहेबांनी लाजरला हाक मारली. कोणी उठेना. पुन्हा मारली. कानांवर बँडेज, त्याला ऐकू कुठून येणार! तिसऱ्यांदा साहेब असे ओरडले की झाडावरचे कावळे उडाले आणि बेंजामिन धडपडत बाहेर आला. पोरं किंचाळली, मग टाळ्या, मग हशा.

हशा थांबला तेव्हा सॉलोमनदादा उठले. रेल्वेतले जुने फिटर. त्यांची बायको राहेल त्याच उन्हाळ्यात गेली होती. तिच्या कबरीला ते चुना लावत होते, ब्रश अजून हातातच होता.

"पाळकसाहेब," ते म्हणाले, "इकडेही एक हाक मारून पाहा ना. जोरानं मारजा. आमच्या राहेलले कमी ऐकू येत होतं."

मला वाटलं, आता साहेब पुनरुत्थानावर दोन शब्द बोलतील. पण चपला काढून ते त्या ओल्या कबरीपाशी गेले आणि छाती भरून त्यांनी हाक मारली, "राहेलबाई!"

सॉलोमनदादा मान तिरपी करून ऐकत राहिले. मग त्यांनी ब्रश चुन्यात बुडवला.

"झोपली असन," ते म्हणाले. "राहू द्या."