शेवटची हेझलरॉइड

एकतीस वर्षं मी या दरीत टपाल वाटलं, आणि एकतीस वर्षं हेझलरॉइड या आडनावाने माझा छळ केला. सातशे वर्षांपूर्वी म्हणे कोणा जॉनने वरच्या टेकाडावरची हेझलची झाडं तोडून शेतापुरती जागा, आमच्या बोलीत 'रॉइड', मोकळी केली. त्या जागेला लोक हेझलरॉइड म्हणू लागले, जागेवरून त्याला, आणि त्याच्यावरून त्याच्या पोराबाळांना. पोरंबाळं काही थोडीथोडकी झाली नाहीत. माझ्या वर्गातच तीन जॉन हेझलरॉइड होते. अशा ठिकाणी आडनाव विचारतो कोण? सॅमच्या बिलचा जॉन, लंगड्या जोनासचा जॉन, अशीच माणसं ओळखायची. आडनाव फक्त पाकिटावर आणि थडग्यावर.

मग दरीतल्या कापडगिरण्या बंद पडल्या. कोणी लीड्सला गेलं, कोणी कॅनडाला, बाकीचे चॅपलमागच्या दफनभूमीत. त्या मूळच्या शेतावर त्या आडनावाचं एकच माणूस उरलं, ते म्हणजे एनिड. सगळे तिला क्लिफर्डची एनिड म्हणायचे. मेंढ्यांमागे फिरणारा तिचा नवरा क्लिफर्ड वारल्याला अकरा वर्षं झाली होती, आणि तिला तसं म्हणणारेही एकेक करून गेले. मूलबाळ नाही. वीस कोंबड्या, पडकं कुंपण आणि धार लावलेली जीभ, एवढीच इस्टेट. रिटायर झाल्यावरही मी रोज सकाळी वर जायचो, कारण पायांना सवय होती. खरं सांगायचं तर मलाही घरी बोलायला कोणी नव्हतं.

त्या वर्षी तिचा खुबा गेला. हॉस्पिटलने ऑपरेशनची तारीख दिली आणि सोबत भरायला एक फॉर्म. तो तिने चहाच्या किटलीखाली तीन आठवडे दाबून ठेवला होता.

"जवळचा नातेवाईक, नाव आणि फोन," तिने वाचून दाखवलं. "घाल आता कोणाचं घालायचं ते."

"माझं घाल," मी म्हणालो.

"तू कोण माझा?"

"रोज अंडी फुकट नेणारा."

"शेजारी विचारलाय का त्यांनी? नातेवाईक विचारलाय. तू पडलास क्रॉस्ली. हेझलरॉइड पाहिजे, नॉर्मन. उद्या मी टेबलावरच गेले तर फोन उचलायला आपलं माणूस नको?"

मला राग आला, पण तिच्याशी वाद घालून आजवर कोण जिंकलंय?

त्याच सुमारास जेराल्ड हेझलरॉइड नावाच्या माणसाचं पत्र आलं. दक्षिणेकडच्या सरे परगण्यातला निवृत्त दंतवैद्य. जगभरातल्या हेझलरॉइडांची त्याने एक संस्था काढली होती, आणि जूनमध्ये ते सगळे बस करून आडनावाचं मूळ बघायला येणार होते. 'तिथे राहणाऱ्या शेवटच्या हेझलरॉइडला भेटण्याची आम्हा सर्वांना ओढ आहे,' असं त्याने लिहिलं होतं. एनिडने ते पत्र मला चार वेळा वाचायला लावलं.

"बेचाळीस जण येतायत," ती म्हणाली. "बेचाळिसांत एक तरी हो म्हणेल. काय मागतेय मी? नुसतं नाव."

तिने दाराला रंग दिला, तोही खुबा धरून. आलं घातलेल्या पार्किन केकच्या तीन थाळ्या भाजल्या. क्लिफर्डच्या आईचा ब्रोच लावला आणि फॉर्मची घडी करून कोटाच्या खिशात ठेवली.

माणसं चांगली होती, खोटं कशाला बोलू. एका कॅनडावाल्या बाईने तर उतरल्या उतरल्या एनिडला मिठीच मारली आणि रडली. सगळ्यांनी भिंतींना हात लावून बघितला. केक फस्त झाला. मग जेराल्डने कोठारात जमिनीवर वंशावळीची गुंडाळी उलगडली. ती संपता संपेना. एनिड काठी टेकत तिच्या कडेकडेने चालत गेली आणि क्लिफर्डच्या नावापाशी थांबली. त्याच्या बाजूला काहीच नव्हतं.

"हां, इथं आमच्याकडे माहिती अपुरी आहे," जेराल्ड पेन काढत म्हणाला. "तुम्ही क्लिफर्डच्या बहीण ना?"

"बायको. माझं माहेर मिजलींचं. डोंगरापलीकडची. लग्न होऊन आले, त्याला चोपन्न वर्षं झाली."

पेन तिथेच थांबलं. "अच्छा. म्हणजे तुम्ही... जन्माने नाही." तो अवघडला बिचारा. "आम्ही फक्त रक्ताची माणसं घेतो हो. सुना घेतल्या तर कागद पुरायचा नाही."

"बरोबर आहे," एनिड म्हणाली.

मी तोंड उघडणार होतो. तिने काठी माझ्या बुटावर दाबली.

मग दारासमोर फोटो काढायचं ठरलं. बेचाळीस जण तीन ओळींत उभे राहिले. बसचा ड्रायव्हर खाली गावात चहाला गेलेला. जेराल्डने इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी अदबीने कॅमेरा एनिडच्या हातात दिला. "घ्याल का तुम्ही? सगळे हेझलरॉइड आले पाहिजेत."

तिने काठी माझ्याकडे दिली. एका पायावर भार देऊन दोनदा बटण दाबलं, आणि "डावीकडचे जरा आत सरका," असंही म्हणाली. बस गेल्यावर तिने बशा धुतल्या. फॉर्मचं तिने कोणालाच विचारलं नव्हतं. मीही विषय काढला नाही. काढायला हवा होता.

जुलैत मी तिला हॉस्पिटलात सोडून आलो. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे कोंबड्यांना दाणे टाकत होतो, तर घरात फोन वाजायला लागला. तिच्या घरी फोन करणारं आता होतं कोण? मी धावत जाऊन उचलला.

"मिस्टर क्लिफर्ड हेझलरॉइड का?" एक नर्स विचारत होती. "जवळचे नातेवाईक म्हणून तुमचंच नाव आहे. तुमच्या मिसेसचं ऑपरेशन छान झालं. गुरुवारी घरी सोडू. न्यायला याल ना?"

भिंतीवर क्लिफर्डची टोपी अजून तशीच टांगलेली होती.

"तो मेंढ्यांकडे गेलाय," मी म्हणालो. "तिला सांगा, गुरुवारी मी येतो."