ढग नसलेलं आकाश

रिटायर झाल्यापासून हे संध्याकाळी कॉम्प्युटरच्या गेममध्ये विमान उडवत बसतात. परवा चहा द्यायला गेले, तर पडद्यावरचं आकाश अगदी कोरं होतं.

"ढग कुठे गेले हो?"

"काढून टाकले. मशीनला झेपत नाहीत, उतरताना चित्र अडकतं. नवीन अपडेट येतंय. गेम नीट चालायला लागला की परत लावू."

त्याआधी झाडं काढली होती, विमानतळावरची माणसंही. विमान उजाड जमिनीवर उतरलं, पण न अडकता.

मी चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी राहिले. यांचं हृदयाचं दुखणं निघाल्यापासून आम्हीही हेच करत आलोय. जिना नको म्हणून गच्ची सुटली. बोलून धाप लागते म्हणून माझ्या माहेरच्यांचं येणं थांबलं. नवीन गोळ्या लागू पडल्या की सगळं परत सुरू करू, असं दर वेळी म्हणायचं.

आज अपडेट आलं. विमान अलगद उतरलं.

"आता लावा की ढग," मी म्हटलं.

यांनी माउसवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"असू दे," म्हणाले. "आता असंच बरं वाटतं."