उंबरठ्यावर अडलेलं स्ट्रेचर

मागच्या आठवड्यात नेरजवळच्या एका खेड्यात आमचं स्ट्रेचर दारातच अडलं. दार अरुंद होतं म्हणून नाही... ज्यांना न्यायचं होतं त्यांनीच चौकट घट्ट धरून ठेवली म्हणून.

आधी थोडं माझ्याबद्दल. नीटची ही माझी तिसरी वेळ. नुसतं घरात बसून पुस्तकं डोक्यात कोंबण्यापेक्षा हाताला काहीतरी काम हवं म्हणून यवतमाळला इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा कोर्स लावला. सकाळी बायोलॉजी, दुपारी ॲम्ब्युलन्सवर ट्रेनिंग.

नातेवाइकांना यातलं एवढंच कळलंय, की पोरगी डॉक्टर व्हायला निघाली होती आणि गाडीवर चढली. त्यांना समजावणं मी सोडून दिलंय.

तर त्या दुपारी कॉल आला. गाडीवर मी, माझे सीनियर अन्वर सर आणि आमचे ड्रायव्हर काका. पेशंटला घरात सगळे आबाजी म्हणत होते. पंच्याहत्तरीचे असतील, हृदयाचा जुना त्रास, पायांवर सूज आणि सकाळपासून दम लागलेला.

आम्ही पोचलो तेव्हा आबाजी ओसरीच्या आतल्या खोलीत लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, पुढे वाकलेले. ओठ निळसर दिसत होते. सरांनी ऑक्सिजन लावला, मी बोटाला ऑक्सिजन मोजायचं मशीन लावलं... आकडा चांगला नव्हता. लवकर निघायला हवं होतं.

आम्ही त्यांना उचलून स्ट्रेचरवर घेतलं. पाठीमागचा भाग उंच केला, पट्टे लावले आणि शिकवल्याप्रमाणे पाय पुढे करून दाराकडे निघालो.

घराचं जोतं चांगलंच उंच, खाली उतरायला दगडी पायऱ्या. पाय पुढे ठेवले की उतरताना डोकं वरच्या बाजूला राहतं. दम लागलेल्या माणसाचं डोकं खाली जाऊ द्यायचं नाही, हे तर अगदी पहिल्या पाठातलं.

पाय उंबरठ्याबाहेर गेले आणि आबाजींनी चौकट धरली. दुसऱ्या हातानं मास्क ओढून काढला.

"पाय समोर करून कायले नेऊन राह्यले मले? मी मेलो नाही अजून."

घरातून पाय पुढे करून कुणाला नेतात, हे काय मला माहीत नव्हतं? आमच्याकडेही तेच. आजोबांना नेलं तेव्हा मी दारातच उभी होते. पण हातात स्ट्रेचर आलं आणि त्या क्षणी मला फक्त पायऱ्याच दिसत होत्या...

आबाजींची सून पदर तोंडाला लावून रडायला लागली. मुलगा म्हणाला, "सर, उलटं करा ना स्ट्रेचर. तेवढ्यानं काय होते?"

सर म्हणाले, "उलटं केलं तर पायऱ्यायवर डोकं खाली जाते त्यायचं. दम अजून वाढन."

दोघांचंही बरोबर होतं. तीच तर अडचण होती. मी मास्क परत लावायला जायची आणि आबाजी मान फिरवायचे. बोटावरचा आकडा खाली खाली चालला होता आणि आता मला खरंच भीती वाटायला लागली. हा माणूस आपल्या दारातच, आमच्या हातात जातो की काय...

मी नुसती इकडेतिकडे बघत होते. तेवढ्यात आत ती रिकामी लाल खुर्ची दिसली. आम्ही आलो तेव्हा ते तिच्यावरच बसले होते. बसून त्यांना त्यातल्या त्यात बरा श्वास घेता येत होता. तिथून उठवून स्ट्रेचरवर आणलं होतं ते आम्हीच.

मी म्हटलं, "आबाजी, खुर्चीवर बसूनच येता का? तोंड घराकडंच ठेवतो तुमचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चौकटीवरचा हात सोडला. "चालते," एवढंच म्हणाले.

सरांनी एकदा पायऱ्या बघितल्या, एकदा खुर्चीचे पाय दाबून बघितले आणि मान डोलावली. आबाजींना परत खुर्चीवर बसवलं, चादरीनं बांधलं. एका बाजूला त्यांचा मुलगा, एका बाजूला मी, मागून काका. सर ऑक्सिजनचा सिलिंडर धरून सोबत. उंबरठ्यातून आधी आबाजींची पाठ बाहेर आली. पायऱ्या उतरताना ते सारखे घराकडेच बघत होते... मास्क तोंडावर, हात जोडलेले.

रिकामं स्ट्रेचर आधीच खाली नेऊन ठेवलं होतं, गाडीपाशी त्यांना त्यावर बसवलं. गाडीत स्ट्रेचर डोक्याच्या बाजूनं आत जातं, त्यामुळे तिथे प्रश्न नव्हता. रस्त्यात आकडा हळूहळू वर आला. मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

पण हॉस्पिटलच्या दारात मागचं दार उघडलं आणि माझ्या लक्षात आलं... डोक्याकडून आत गेलेलं स्ट्रेचर बाहेर येताना पायाकडूनच येणार. मी हँडल धरून तशीच थांबले.

आबाजींनी मास्क जरासा उचलला. "काढ पोरी, इथून कसंबी काढ. घरून तर बराबर निघालो ना."

सर हसले, मी पण हसले. डोळ्यात पाणीही आलं, ते कशाला लपवू.

काल त्यांच्या मुलाचा सरांना फोन आला. आबाजी घरी आलेत. कुणाचा हात न धरता पायऱ्या चढले म्हणे, आणि आत गेल्या गेल्या त्याच लाल खुर्चीत बसले.

यंदा मेडिकलला नंबर लागेल की नाही, मला माहीत नाही. आज संध्याकाळी परत बायोलॉजी घेऊन बसायचंच आहे. पण एका माणसाला त्याच्या घरातून जिवंत माणसासारखं बाहेर आणलं, तेव्हा खुर्चीची डावी बाजू माझ्या हातात होती.