खड्डा क्रमांक दोन

विहिरी खणणाऱ्या काकांच्या घरात नकाशेवाला अकरा महिने भाड्याने राहिला, तरी त्यांच्याबद्दल त्याला फार थोडं ठाऊक होतं. त्यांचं वयसुद्धा त्याने कधी विचारलं नाही. पाठ होतं ते एकच वाक्य. जेवायला बसलं की काका म्हणत, "माझ्या हातची एकही विहीर नासली नाही."

नकाशेवाला तेल शोधणाऱ्या कंपनीत होता. कंपनीने तीन ठिकाणी जमीन भोसकली आणि तिन्ही ठिकाणी धूळ हाती आली. चौथ्यांदा तसंच झालं तर सगळ्यांना गाशा गुंडाळावा लागणार होता.

एके दिवशी छप्पर गळून त्याचा नकाशा भिजला. काकूंनी पलंगाखालून डबा ओढला आणि त्यातलं काळं, चिकट काहीतरी भेगेत थापलं. त्या वासाने नकाशेवाला ताडकन उठला.

"काकू, हे कुठलं?"

"ह्यांच्या नासक्या विहिरीतलं. बारा वर्षं पुरवतेय."

जेवत बसलेल्या काकांनी घास ताटात ठेवला. "कुठली विहीर? मी कुठे काय खणलं?"

"मग कमरेपर्यंत काळे होऊन आलात, ते काय लग्नाला गेला होतात?"

"एकच होती ती."

"चार! गुपचूप बुजवल्यात. साबण मी आणला, मला विचारा."

दोन दिवस काका परसातल्या विहिरीभोवती फेऱ्या मारत राहिले. ही गोष्ट फुटली तर आपल्याला विहिरीवर बोलावणार कोण? तिसऱ्या दिवशी ते नकाशेवाल्याच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"चारही जागा दाखवतो. पण नकाशावर विहीर लिहायची नाही. खड्डा लिही."

"कोणी खणला म्हणून लिहू?"

"कोणी नाही. पडला."

"एवढा खोल, आपोआप?"

"रस्त्यात नाही पडत?"

खड्डा क्रमांक दोनमध्ये तेल लागलं. कंपनीचे मोठे साहेब फोटो काढायला घरी आले. काका खिशात हात घालून दारातच उभे. "साहेब, मी विहिरी खणतो. खड्ड्याचं मला काय विचारता?" साहेब काकूंचाच फोटो काढून गेले. डब्यासकट.

पुढे नकाशेवाल्याची बदली झाली. ट्रक सुरू झाला तेव्हा काका धापा टाकत आले आणि खिडकीतून पाण्याची बाटली आत दिली.

"आपल्या परसातल्या विहिरीचं आहे. पिऊन बघ."

त्याने घोट घेतला.

"गोड आहे ना?"

"आहे की, काका."

"मग झाकण नीट लाव. सांडेल."